सुंदराबाई फिरून आल्या का?

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. नाव सत्यशीला गजभिये. मूळची भंडाऱ्याची, पण बिबवेवाडीत इतकी वर्षं काढली आहेत की आता भंडाऱ्याला गेले की तिकडचे लोक म्हणतात, तुमची जीभ पुण्याची झाली. ते काही कौतुक नसतं, पण मी ते कौतुक म्हणूनच घेते.

सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं प्रोग्रॅमिंग शिकवणारं केंद्र आहे. मुलं बाहेरगावची, कुणाकडे धड लॅपटॉप नाही. म्हणून आम्ही अशी सोय केली आहे की सगळ्यांनी एकाच मोठ्या सर्व्हरवर कोड लिहायचा. कुठल्याही जुनाट मशीनवर ब्राउझर उघडा, नाव-पासवर्ड टाका, की तुमची पाटी-पेन्सिल तुमच्यापुढे हजर. हा सर्व्हर सांभाळायचं काम माझं. गेल्या जूनमध्ये नवा सर्व्हर आला आणि त्याच्याबरोबर डिफॉल्टचा प्रश्नही आला.

डिफॉल्ट म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्यालाही समजावून सांगावं लागलं होतं. दशरथला म्हटलं, पंगतीत पाहुणा बसायच्या आधी पानात मीठ-लिंबू वाढलेलं असतं ना? त्याने ते मागितलेलं नसतं. नको असेल तर बाजूला सारायला तो मोकळा असतो. पण बहुतेक लोक काही सारत नाहीत, पानात आलं ते मुकाट्याने जेवतात. नव्या माणसाच्या पानात आधी काय वाढून ठेवायचं, ते मी ठरवते. त्यावर दशरथ म्हणाला, "म्हणजे घरी करतेस तेच."

तर सगळ्यांचं पान कसं मांडायचं, यासाठी मीटिंग झाली. आम्ही तिघं होतो. केंद्राचे प्रमुख रंगनाथ उपासनी सर, आमचा तरुण शिक्षक रोहन आणि मी.

"मॅम, स्क्रीन ब्लॅक ठेवू या ना. डार्क मोड. डोळ्यांना एकदम रिलॅक्स वाटतं," रोहन म्हणाला.

"कागद काळा असतो का?" सरांनी विचारलं.

"सर, फळा काळा असतो."

सर गप्प झाले. वादात सर गप्प होण्याची ही आमच्या केंद्राच्या इतिहासातली एकमेव घटना. शेवटी पडदा पांढराच ठरला, कारण सर प्रमुख आहेत. अक्षर मोठं ठेवायचं ठरलं, कारण चष्मा सरांना आहे आणि मलाही. मग कोड लिहिताना पुढचा शब्द सुचवणाऱ्या सूचना आपोआप दिसाव्यात की नाही, यावर तासभर गेला. रोहनचं म्हणणं होतं, मुलांना मदत होते. सरांचं म्हणणं, आयतं मिळालं की डोकं वापरायचं राहून जातं. मी दोघांनाही चहा पाजला आणि मला हवं ते केलं.

दोन गोष्टींवर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. एक म्हणजे, कुणी वीस मिनिटं काही टाइप केलं नाही, तर त्याचं काम बंद करून जागा मोकळी करायची. एसटीत रुमाल टाकून खाली भजी खायला जाणाऱ्या लोकांचा मला पहिल्यापासून राग आहे. दुसरी गोष्ट, मुलांनी लिहिलेलं आपोआप सेव्ह व्हावं. हल्लीची मुलं मोबाईलवर वाढलेली. 'सेव्ह करा' म्हणून त्यांना आयुष्यात कुणी सांगितलेलंच नाही. आम्हा जुन्या लोकांची बोटं दर ओळीमागे सेव्हची बटणं दाबतात, कुलूप लावल्यावर आपण ते दोनदा ओढून बघतो ना, तशी. ही मुलं कुठून दाबणार?

मी ते त्याच दुपारी चालू केलं, आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'आपण लिहिलेले आपोआप साठवले जाते. सेव्ह झाले का, असे विचारण्यास येऊ नये.'

महिनाभर सगळं छान चाललं. रोजचे छोटे सराव मुलं वर्गातच लिहायची आणि तिथल्या तिथे जमा करायची. मग प्रकल्प सुरू झाले. प्रकल्प मोठा, एका बैठकीत न संपणारा. सरांचा नियम असा की दर शनिवारी प्रकल्पाचा पुढचा टप्पा जमा करायचा. तीनदा चुकलं की पुढच्या वर्गात जागा नाही. आणि पुढच्या वर्गातूनच कंपन्या मुलं घेतात, म्हणजे जागा गेली तर सगळंच गेलं.

निकिता ताजणेचे दोन शनिवार चुकले होते.

ही मुलगी वणीची. दिवसा आमच्याकडे शिकायची, संध्याकाळी खालच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायची. तिथे दर दोन मिनिटांनी कुणीतरी गाल धरून विचारतं, "अजून किती वेळ?" तर हा वेळ सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा, असा तिचा प्रकल्प. मला तो मनापासून आवडला होता. म्हणून तर राग जास्त येत होता.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी काल लिहिलं होतं. आज नाहीये."

"काल जेवलेलंही आज नसतं," मी म्हटलं.

"खरंच लिहिलं होतं ना जी."

हा 'ना जी' आमच्याकडचा. तो ऐकला की मी एरवी विरघळते. पण त्या दिवशी नाही.

"मग गेलं कुठे? कोडला पाय फुटले? ती पाटी वाच. इथे सगळं आपोआप सेव्ह होतं. मी स्वतः लावलंय." माझा पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. कोपऱ्यात 'ऑटोसेव्ह चालू' असं ठळक लिहिलेलं होतं. "दिसतंय? आता खरं सांग, लिहिलं नव्हतंस ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती जागची हलली नाही.

"मी जेवायला रूमवर जाते. कसब्यात. जाऊन येते, तर सगळं गायब. मागच्या दोन वेळेसही तसंच झालं. तुम्ही करून पाहा ना जी."

"पाहते ना! आत्ता पाहते." मी बाह्या सरसावल्या. "आण तुझा कोड. माझ्या खात्यात लिहिते, तुझ्याबरोबर कसब्यात येते, परत येते आणि तुला दाखवते."

"तुमच्या खात्यात नको," ती म्हणाली. "तुमचं खातं तुमचं आहे. माझ्यासारख्याचं करून पाहा."

शेजारच्या टेबलावरून रोहनने हळूच मान वर केली. आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला, "अहो गजभिये बाई, मुद्दा बिनतोड आहे."

मी दात-ओठ खात नवं खातं काढलं. नाव काय द्यायचं? माझी एक आत्या होती, सुंदराबाई. लग्नकार्यात तिने आयुष्यात कधी काही मागितलं नाही. भाजी वाढली तर भाजी खायची, वाढायला विसरले तर नुसता भात खायची, आणि वर 'स्वयंपाक छान झाला' म्हणायची. नव्या खात्याला तिचंच नाव दिलं. कुठलीही सेटिंग बदलली नाही. पानात वाढलेलं तेवढंच. निकिता एकेक ओळ सांगत गेली आणि मी सुंदराबाईंच्या वतीने टाइप करत गेले. बोटं सवयीने सेव्हकडे धावत होती. "दाबू नका ना जी," निकिता दर वेळी म्हणायची. मी हात आवरायची.

मग आम्ही दोघी निघालो. खरं सांगते, जागेवरून उठून दुपारी असं बाहेर पडणं मला नवंच होतं. मी डबासुद्धा कीबोर्डशेजारी ठेवून खाते. लक्ष्मी रस्ता ओलांडताना स्कूटरवाल्यांनी मला दोनदा ओरडायला लावलं. निकिता मात्र गर्दीतून झपझप चालत होती, आणि चालता चालता पुटपुटत होती. "शेवटच्या पेशंटला रूट कॅनल असेल, तर वेळ वाढवला पाहिजे... तो आधी मोजला पाहिजे..." तेव्हा लक्षात आलं की ही मुलगी चालताना विचार करते. कोड तिच्या पायांतून येतो. आणि मी तिच्याकडे पाहून आळशी म्हणून मोकळी झाले होते.

तांबट आळीत तिची खोली. खाली तांब्याची भांडी घडवत होते, हातोड्यांचा आवाज एका लयीत चालू. तिने मला भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. आमच्याकडचा ठेचा. पहिल्या घासाला माझा निम्मा राग गेला.

"शनिवारी नाही जमलं तर काय करशील?" मी विचारलं.

"मामाचं मोबाईलचं दुकान आहे वणीला. बाबांनी सांगितलंय, नाही जमलं तर तिथं बसायचं. कव्हरं विकायची, काच लावून द्यायची." ती हसली, पण तिने भाकरी खाली ठेवली. "मला वाटे, माझ्यातच काही कमी आहे. बाकीच्यांचं राहते, माझंच जाते. मी स्वतःला म्हटलं, निकिता, तू लिहिलं असं तुला नुसतं वाटत असेल."

हे वाक्य ऐकून मी तिची खाली ठेवलेली भाकरी उचलून पुन्हा तिच्या हातात दिली. तरी माझी खात्री ढळली नव्हती. मी मनात म्हटलं, परत गेल्यावर हिला कोड जागेवर दाखवू, मग शांतपणे बसून हिचा घोळ शोधू. शांतपणे, ओरडायचं नाही.

आम्ही परत आलो. मी खुर्चीत बसले, सुंदराबाईंचा पासवर्ड टाकला आणि फाइल उघडली.

फाइल कोरी होती.

मी पुन्हा उघडली. मग ब्राउझर बंद करून उघडला. मग, लाज वाटते पण सांगते, पडदा पुसला. सगळं पांढरं होतं, सरांना हवं होतं तसंच. सुंदराबाईंची सेटिंग उघडली. 'ऑटोसेव्ह बंद.' मग माझ्या खात्यात गेले. 'ऑटोसेव्ह चालू.'

तेव्हा उजेड पडला. सेटिंगची पानं दोन असतात. एक 'माझ्यासाठी' आणि एक 'सगळ्यांसाठी'. दिसायला दोन्ही सारखी. पांढरा पडदा, मोठं अक्षर, वीस मिनिटांचा नियम, हे सगळं मी दुसऱ्या पानावर केलं होतं. ऑटोसेव्ह मात्र माझ्यासाठीच्या पानावर चालू केलं, खुशीत पाटी लिहिली, आणि रोज स्वतःच्या पडद्याकडे बघून समाधान मानत राहिले. सगळ्यांसाठी ताटं मांडली म्हणून सांगत होते आणि मीठ फक्त माझ्याच ताटात होतं. बाकी कुणी सेव्ह न करता उठलं, की वीस मिनिटांचा नियम त्याचं लिहिलेलं पुसून मोकळा होत होता.

निकिता माझ्याकडे बघत होती. 'सांगत होते ना जी' असं ती म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. मी असते तर म्हटलं असतं.

मी उभी राहिले आणि वर्गाला विचारलं, "लिहिलेलं नाहीसं झालं, असं आणखी कुणाचं झालंय?"

कुणी हलेना. माझा वर्गात दराराच तसा.

"ओरडणार नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे. ऑटोसेव्ह मी फक्त स्वतःला लावलं होतं."

एक हात वर आला. मग मागून दुसरा. मग बघता बघता निम्म्या वर्गाचे हात वर. कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली पोरं सवयीने सेव्ह करत होती, ती वाचली. बाकीची सगळी गुपचूप पुन्हा पुन्हा लिहीत होती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. आवाज चढलाच थोडा.

मागच्या बाकावरचा विक्रम म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकतंय." आणि त्याने घाबरत घाबरत भिंतीकडे बोट केलं. "विचारायला येऊ नये, असं लिहिलंय ना."

मला इतकी लाज वाटली, इतकी, की मी सरळ जाऊन ती पाटी ओढून काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. आतून सर म्हणाले, "बाई, पाटी चुकली होती, भिंत नव्हे."

तेवढ्यावर वर्ग हसला, मीही हसले, आणि कामाला लागले. या वेळी 'सगळ्यांसाठी'च्या पानावर ऑटोसेव्ह चालू केलं. रोहनला शेजारी उभं करून पानाचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. मग सुंदराबाईंच्या नावाने चार ओळी लिहिल्या, सेव्ह न करता उठले आणि पेरूगेटापर्यंत अर्ध्या तासाची चक्कर मारून आले. आले तर ओळी जागेवर. मी आनंदाने टाळी वाजवली. खालच्या दवाखान्यातला एक पेशंट दचकला, असं नंतर कळलं.

राहिला प्रश्न शनिवारचा. सर बाहेर आले. नियम मोडणं त्यांच्या जिवावर येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ज्यांचं काम गेलं, त्यांना मुदत वाढवून देता येईल. मागचे शनिवारही धरले जाणार नाहीत."

"मला मुदत नको ना जी," निकिता म्हणाली. "डोक्यात आहे सगळं. तीनदा लिहिलंय मी."

शुक्रवारी ती दिवसभर लिहीत होती. मी तिच्या मागून उगीच फेऱ्या मारत होते. शनिवारी सकाळी जमा करायची वेळ जवळ आली, प्रोग्रॅम चालायला लागला, पण एका ठिकाणी उत्तर चुकत होतं. लहान मुलाचा दात काढायला तो दोन तास सांगत होता. निकिताने पडद्याकडे बघितलं, ओठ चावला, आणि उठली.

"कुठे निघालीस?" माझा जीव खालीवर झाला.

"फिरून येते."

"आत्ता? सेव्ह तरी कर!"

ती माझ्याकडे बघून हसली. "आपोआप होते ना जी." आणि गेली जिना उतरून.

काय सांगू तुम्हाला. सगळा वर्ग तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. रोहन नखं खात होता. सर मधेच येऊन चष्म्यातून बघून गेले. वीस मिनिटं झाली, आणि मीच केलेल्या नियमाने तिचं काम पडद्यावरून दूर केलं. 'आपले सत्र बंद झाले आहे.' हे वाक्य मीच लिहिलं होतं. इतकं दुष्ट वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही. मला माहीत होतं की कोड सुरक्षित आहे. सुंदराबाईंनी फिरून येऊन सिद्ध केलं होतं. तरी मी दोनदा जिन्यापाशी जाऊन खाली वाकून बघून आले.

निकिता आली. कपाळावर घाम, चेहऱ्यावर उजेड. "मुलांचे दात वेगळे मोजायला पाहिजेत," म्हणत बसली, पासवर्ड टाकला, फाइल उघडली.

सगळं होतं. एकूण एक ओळ.

तिने दोन ओळी बदलल्या, प्रोग्रॅम चालवला आणि जमा केला. वर्गाने जो कल्ला केला, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता, असं रोहन सांगतो. मी नाकारत नाही.

आता तो प्रोग्रॅम खालच्या दवाखान्यात चालतो. परवा एका आजोबांना त्याने 'अजून पाऊण तास' असं सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोलणारं कुणीतरी भेटलं," आणि शांतपणे पेपर वाचत बसले. निकिता पुढच्या वर्गात गेली. दिवाळीत मामाच्या दुकानात ती बसली, पण सुट्टीपुरती, आणि तिथल्या मालाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहून आली. सध्या सकाळच्या नव्या मुलांना ती आणि रोहन मिळून शिकवतात.

भिंतीवर, रंग उडालेल्या जागी, मी नवी पाटी लावली आहे: 'आपण लिहिलेले आपोआप साठवले जाते. सेव्ह झाले का, असे विचारण्यास अवश्य यावे.' मुलं येतात विचारायला. फार येतात. मी चिडते, पण उठून बघते.

काल नव्या तुकडीसाठी सेटिंग बदलत होते. अक्षराचा आकार, सूचना, नेहमीचंच. माझ्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं, म्हणून मी रोहनला म्हटलं, झालं, सांग मुलांना. तेवढ्यात मागून निकिताने विचारलं, "मॅडम, सुंदराबाई फिरून आल्या का?"

मी मुकाट्याने सुंदराबाईंचा पासवर्ड टाकला, चार ओळी लिहिल्या आणि चपला घातल्या.